‘घ्यावा’ म्हणजे घेतलाच पाहिजे का?

एप्रिल महिन्यातला शेवटचा बुधवार. ठिकाण, नांदेडच्या औद्योगिक वसाहतीतलं हळदीचं एक गोदाम. अडकलेली रक्कम, चौदा लाख बासष्ट हजार पाचशे रुपये. हजर असलेली माणसं तीन. माल विकणारे दिगंबरराव, नायगाव तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचे अध्यक्ष. माल घेणाऱ्या निर्यात कंपनीचा गुणवत्ता अधिकारी बसवराज, मूळचा उदगीरचा. आणि तिसरी मी, लातूरच्या एका खासगी प्रयोगशाळेची प्रमुख, दोघांनी मिळून बोलावलेली. दोन हमालही होते, पण ते चहाला गेले होते आणि भांडण मिटेपर्यंत परत यायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

माल होता दोनशे पंचवीस पोती हळकुंड. पोत्यात पन्नास किलो, किलोला एकशे तीस रुपये. ज्यांना शंका असेल त्यांनी गुणाकार करून पाहावा. मी गोदामात शिरण्याआधी केला होता. एवढी रक्कम अडकली होती मराठीतल्या एका क्रियापदात. ते कसं, हे सांगण्याआधी माझा धंदा थोडक्यात सांगते.

लोकांना वाटतं प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरा कोट. ते असतंच, पण निम्मं काम वाचनाचं असतं. हळदीतलं पाणी मोजायचं तर कसं मोजायचं, हे मी ठरवत नाही. ते मानकात लिहिलेलं असतं. हळदीत सुगंधी तेल असतं. नुसती भट्टीत तापवली तर पाण्याबरोबर थोडं तेलही उडून जातं आणि तराजू दोन्हीला पाणीच समजतो. म्हणून मसाल्याच्या पदार्थांतलं पाणी वेगळ्या पद्धतीने, वाफ करून, थंड करून, नळीत जमा करून मोजतात. जगात सगळीकडे असं एकाच तऱ्हेने मोजलं तरच नांदेडचा आकडा परदेशातल्या बंदरावर खरा ठरतो.

ही पद्धत आधी परदेशात ठरते. निरनिराळ्या देशांचे लोक एका टेबलाशी बसतात, वर्षानुवर्षं वाद घालतात आणि आंतरराष्ट्रीय मानक तयार होतं. पण ते आपोआप आपल्याला लागू होत नाही. आपल्याकडे दिल्लीत त्या त्या विषयाच्या समित्या असतात. त्यांत शास्त्रज्ञ, व्यापारी, कारखानदार, प्रयोगशाळांचे लोक असतात. त्यांच्यापुढे रस्ते तीन. परदेशी मानक जसंच्या तसं घ्यायचं, काही बदल करून घ्यायचं आणि प्रत्येक बदलाची नोंद द्यायची, किंवा आपलं स्वतःचं लिहायचं. काहीही ठरवलं तरी आधी मसुदा सगळीकडे फिरतो. कुणालाही अभिप्राय देता येतो, अगदी मला आणि तुम्हालाही. अभिप्रायाचा एक तक्ता असतो. त्यात कोणतं कलम, काय आक्षेप, आणि त्याऐवजी नेमकं काय लिहायचं, असे रकाने असतात. आक्षेपाचा रकाना सगळे भरभरून भरतात. शेवटच्या रकान्याशी आले की बहुतेकांची शाई संपते.

जसंच्या तसं घेतलेल्या मानकात आतलं अक्षरही बदलत नाहीत. फक्त पुढे आपलं एक पान जोडतात, राष्ट्रीय प्रस्तावना. त्यात लिहिलेलं असतं की आत जिथे ‘आंतरराष्ट्रीय मानक’ म्हटलंय तिथे ‘भारतीय मानक’ असं वाचायचं. आणि परदेशी पद्धतीप्रमाणे दशांशासाठी स्वल्पविराम वापरलाय, तो आपल्याकडे टिंब समजायचा. हे पान कुणी वाचत नाही. लातूरच्या एका दालमिलवाल्या शेटजींनी असल्या मानकाची झेरॉक्स काढताना ते पान सोडूनच दिलं, कारण त्यावर आकडे नव्हते. आत चाळणीच्या भोकाचं माप ‘३,५’ मिलिमीटर होतं. म्हणजे साडेतीन. शेटजींनी वाचलं तीन-पाच, आणि दोन चाळण्या करून घेतल्या, एक तीनची, एक पाचची. माल परत आला तेव्हा ते माझ्यासमोर बसून अगदी शांतपणे म्हणाले, “मॅडम, कागदावर तीन-पाच लिवलं होतं म्हणून तीन-पाच केलं. न्हाईतर मी कशाला तीन-पाच करीन?” माझ्या प्रयोगशाळेत त्या मापाच्या चाळणीला अजूनही दुसरं नाव नाही.

दिल्लीनंतर मानक आणखी एक पायरी उतरतं, आणि तिथे सगळ्यांत जास्त सांडतं. मूळ मजकूर इंग्रजीत. माल विकणारा मराठीत. मग खरेदी करणारी प्रत्येक कंपनी आपापला मराठी तक्ता करून घेते आणि गोदामाच्या भिंतीवर लावते. तो कुणी लिहिला, कुणी तपासला, याचा पत्ता नसतो. नांदेडच्या त्या गोदामातही असाच एक प्लास्टिकमध्ये बसवलेला तक्ता होता: ‘हळद, नमुना काढण्याची पद्धत’.

आता भांडण. हळदीत पाणी जास्तीत जास्त बारा टक्के असावं, असा करार होता. दिगंबररावांनी आपला नमुना काढून तपासून आणला होता, आकडा दहा पॉइंट नऊ. बसवराजने स्वतःचा नमुना तपासून घेतला, आकडा बारा पॉइंट नऊ. एकच माल आणि दोन टक्क्यांचा फरक. बसवराजने सगळा लॉट नापास करून पैसे थांबवले होते. दिगंबररावांच्या कंपनीचा हा पहिलाच थेट सौदा. तो मोडला असता तर दोनशे पंचवीस पोती परत मोंढ्याच्या बाजारात गेली असती, आणि पुढच्या हंगामाचा करार कुणी केला नसता. सभासदांना अडत्याकडून सोडवून इथे आणणारे दिगंबररावच होते, म्हणून त्यांचं नाव पणाला लागलं होतं.

मी दोघांना एकच प्रश्न विचारला, नमुना कसा काढलात. दिगंबररावांनी पोत्यांची तोंडं सैल करून वरवरची हळकुंडं घेतली होती. तोंडाशी वारं लागतं, तिथला माल सगळ्यांत कोरडा. तक्त्यावर तर स्पष्ट लिहिलं होतं: ‘निवडलेले पोते उसवून वर, मध्य व तळ अशा तीन ठिकाणांहून नमुना घ्यावा.’

“ताई, तुमीच वाचा,” दिगंबरराव म्हणाले. बोलताना हळकुंड कटकन मोडायची त्यांना सवय होती. “‘घ्यावा’ लिवलंय. घेतला तर बरं, न्हाई घेतला तरी चालतंय. आमी तोंडावरचा घेतला. ह्यात चुकलं काय?”

“काका, घ्यावा म्हणजे घ्यायचाच,” बसवराज म्हणाला.

“असं व्हय. माझ्या पोराच्या लग्नाची पत्रिका दिलती तुला. तिच्यात ‘अगत्य येण्याचे करावे’ छापलं होतं. तू काय आला न्हाईस. मी दंड लावला का तुला?”

पण बसवराजही उदगीरचा. “काका, बोर्डाच्या पेपरात ‘खालील प्रश्न सोडवावेत’ असं असतंय. नाही सोडवले तर मास्तर काय म्हणतो, बरं झालं?”

मला हसू आवरलं नाही, कारण दोघंही बरोबर होते. माझे यजमान शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या पुस्तकात याला विध्यर्थ म्हणतात, आणि त्याच्याखाली कर्तव्य, इच्छा, शक्यता, योग्यता अशी यादी दिलेली असते. एका प्रत्ययाने एवढे धंदे करावेत हे कवितेला ठीक आहे. मानकांच्या इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे ‘शॅल’ आलं की बंधन, ‘शुड’ आलं की शिफारस, ‘मे’ आलं की परवानगी, हे एकदाच ठरवून टाकलंय आणि ते कुणी हलवत नाही. तक्ता लिहिणाऱ्याने या तिन्हींपैकी पहिल्या दोहोंना एकच ‘-आवे’ लावून टाकलं होतं. त्याचा हेतू वाईट नसणार. शिष्ट मराठीत असंच लिहितात.

मग मी बसवराजकडे वळले. तक्त्यातलं पहिलंच वाक्य त्याला वाचायला लावलं: ‘शंभराहून अधिक पोती असल्यास एकूण संख्येच्या वर्गमुळाएवढी पोती उघडावीत.’ दोनशे पंचवीसचं वर्गमूळ पंधरा. नियम सोपा आहे. माल वाढेल तशी उघडायची पोतीही वाढतात, पण त्याच प्रमाणात नाही, नाहीतर नमुनेच काढत बसावं लागेल.

“तुम्ही किती उघडली?” मी विचारलं.

“पाच.”

“कुठली?”

“भिंतीकडच्या तळातल्या रांगेतली. ओल असली तर तिथंच असती, मॅडम.”

“आणि पंधराचं काय?”

“पंधरा पोती उसवायची, परत शिवायची, हमाली कोण देणार? उघडावीत म्हणजे तेवढी उघडली तर...” इथे त्याने स्वतःचं बोलणं ऐकलं.

दिगंबररावांना त्या सकाळी पहिल्यांदा बरं वाटलं. “म्हंजे तुझा ‘उघडावीत’ सल्ला, अन् माझा ‘घ्यावा’ हुकूम. झ्याक हाय की.” मग त्यांनी चष्मा काढून तक्त्याची अगदी तळची ओळ शोधली: ‘मतभेद झाल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा.’ “अन् हितं बी ‘धरावा’च हाय. धरला तर धरला.”

चोवीस वर्षं मी नमुन्यांचे वाद पाहतेय. असे वाद बहुतेक वेळा आकड्यावर होत नाहीत, आकडा कुठून उचलला यावर होतात. मी मूळ मानक सोबत नेलं होतं. दोन्ही वाक्यांत ‘शॅल’ होतं, ते दोघांना दाखवलं. म्हटलं, आजपासून या तक्त्यात एक अर्थ चालेल. जिथे ‘-आवे’ तिथे ‘केलंच पाहिजे’. हे मान्य असेल तर मी नमुना काढते, नसेल तर परत लातूरला जाते. गाडीभाडं मात्र दोघांना लागेल.

दिगंबरराव लगेच म्हणाले, “हाव. घ्यावा म्हंजे घेतलाच पायजे. आता ह्यातून कुणीच सुटायचं न्हाई.” बसवराजनेही मान्य केलं. हमाल कुठूनसे परत आले.

दोनशे पंचवीस पोती, पंधरा उघडायची, म्हणजे दर पंधरावं पोतं. थप्पी मोडत गेलो आणि मोजत गेलो. हळकुंडाला पोत्यात खुपसून नमुना काढायची नळी चालत नाही, म्हणून प्रत्येक पोतं उसवून वरून, मधून, तळातून हाताने घेतलं. वाळलेलं हळकुंड मोडलं की खणखणीत वाजतं. तेरा पोत्यांतलं तसं वाजलं. दोन पोत्यांतलं नुसतं वाकलं. नीट तपासल्याशिवाय मी कानावर भरवसा ठेवत नाही, पण त्या दोन पोत्यांतला नमुना मी वेगळ्या पिशव्यांत घेतला. दोन्ही पोत्यांवर लाल रंगात सभासद क्रमांक सात होता. त्या क्रमांकाची एकूण अठरा पोती निघाली, सगळी भिंतीकडे, आणि बसवराजने उघडलेल्या पाचांपैकी तीन त्यातलीच. दिगंबररावांचं हळकुंडं मोडणं मात्र थांबलं होतं.

शुक्रवारी मी आकडे घेऊन परत गेले. तेरा पोत्यांच्या नमुन्यात पाणी अकरा पॉइंट चार. सात क्रमांकाच्या दोन पोत्यांत तेरा पॉइंट नऊ. भिंतीकडच्या पाच पोत्यांत तीन ओली आणि दोन कोरडी, म्हणून बसवराजचा आकडा बारा पॉइंट नऊ आला होता. त्याने खोटं केलं नव्हतं. दिगंबररावांनीही नव्हतं. दोघांनी आपल्याला सोयीच्या जागेवरून खरं उचललं होतं.

बसवराजने मोबाइलवर हिशेब केला. दोनशे सात पोती अकरा पॉइंट चारने, अठरा पोती तेरा पॉइंट नऊने, सगळ्यांची सरासरी अकरा पॉइंट सहा. “मॅडम, बाराच्या आत बसतंय. सगळा लॉट पास. मला कंटेनर भरायचाय, जहाज आमच्यासाठी थांबत नसतंय.”

म्हणजे आता घेणाऱ्यालाही सरासरी हवी होती आणि विकणाऱ्यालाही. गणित म्हणून ती चूक नव्हती. पण तक्त्यात पाचव्या क्रमांकावर लिहिलं होतं: ‘माल एकसारखा नसल्यास तो वेगळ्या लॉटमध्ये विभागावा.’ कारण सरासरी कागदावर होते, पोत्यात होत नाही. बंद कंटेनरमध्ये अठरा ओली पोती महिनाभर राहिली तर बुरशी धरतात आणि शेजारच्या पोत्यांनाही लावतात. मी सांगितलं, अहवालात दोन्ही आकडे वेगळे येतील. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

“विभागावा, मॅडम,” बसवराज हळूच म्हणाला. “शक्य असलं तर.”

मी उत्तर देणार होते. त्याआधी दिगंबरराव बोलले.

“सात नंबर माझा हाय.”

बसवराजने मोबाइल खाली ठेवला. दिगंबररावांनी सगळं सांगितलं. महिनाभर ते कंपनीच्या कागदांसाठी आणि गाडीसाठी नांदेडला हेलपाटे घालत होते. घरची हळद वाळायला टाकलेली, तिच्याकडे बघणं राहिलं. ट्रक भरायच्या दिवशी पोती कमी पडू नयेत म्हणून ती तशीच भरली गेली. वरची कोरडी होती, हातानं मोडून बघितली, वाजली. तळातलं बघितलं नाही.

“बुधवारी मीच म्हणलो, ह्यातून कुणीच सुटायचं न्हाई,” ते म्हणाले. “मंग विभागावा म्हंजे विभागलाच पायजे. काढा ती अठरा पोती बाहेर.”

“काका, मेंबरांना काय सांगणार?”

“सांगतो की, अध्यक्षाची हळद वली निघाली म्हणून. दोन दिवस हसतील.” मग त्यांनी हमालांना हाक मारली आणि पहिलं पोतं दाराशी येईपर्यंत उभेच राहिले.

पुढे काही महिन्यांनी नमुन्याच्या मानकाच्या मराठी अनुवादाचा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. त्यात पानोपानी ‘घ्यावा’, ‘उघडावीत’, ‘विभागावा’. मी शेवटचा रकाना भरला. बंधन असेल तिथे ‘केलेच पाहिजे’, शिफारस असेल तिथे ‘करणे चांगले’, परवानगी असेल तिथे ‘करता येईल’, आणि संपूर्ण मजकुरात ‘-आवे’ कुठेही नको. समितीतल्या एका सदस्यांचा आक्षेप आला की ‘पाहिजे’ हे शासकीय मराठीत उद्धट वाटतं. ऑनलाइन बैठकीत मी त्यांना लग्नपत्रिका आणि बोर्डाचा पेपर, दोन्ही सांगितले. ‘पाहिजे’ मान्य झालं. ‘चांगले’ मात्र घरगुती ठरलं, त्याऐवजी ‘इष्ट’ घातलं. तेवढ्यावर मी थांबले. ‘इष्ट’ कुणी हुकूम समजणार नाही.

हळहळ एवढीच, की छापलेलं मानक बदललं तरी भिंतींवरचे जुने तक्ते उतरत नाहीत. बिलोलीत, चाकूरमध्ये, जिथे जाईन तिथे माल बघायच्या आधी मी भिंत वाचते. बसवराजने मात्र आपला तक्ता नवा करून घेतला आणि मला फोटो पाठवला. त्यात ‘घेतलाच पाहिजे’ खाली दोन रेघा आहेत. त्याचं म्हणणं, एक रेघ दिगंबरकाकांच्या वाट्याची.

शेवटी कुणाला काय मिळालं ते असं. दोनशे सात पोत्यांचे तेरा लाख पंचेचाळीस हजार पाचशे रुपये पुढच्याच आठवड्यात शेतकरी कंपनीच्या खात्यावर जमा झाले आणि तिथून सभासदांना वाटले गेले. तपासणीचे सहा हजार दोघांनी निम्मे निम्मे द्यायचे ठरले होते. बसवराजच्या कंपनीचे तीन हजार धनादेशाने आले. उरलेल्या तीन हजारांची पावती मी शेतकरी कंपनीच्या नावाने लिहीत होते, तर दिगंबररावांनी हात धरला आणि स्वतःच्या नावाने करायला लावली. अठरा पोती पुन्हा वाळून आली, तपासणीत अकरा पॉइंट पाच भरली. वजन नऊशे किलोचं आठशे पंच्याहत्तर झालं होतं. त्याचे एक लाख तेरा हजार सातशे पन्नास रुपये सभासद क्रमांक सातला, सगळ्यांच्या शेवटी, देण्यात आले.